ताटाची डावी बाजू : हृदय कमकुवत झालेल्या एका कंडक्टरकाकांचं प्रकरण

दवाखान्यातून घरी आल्याच्या चौथ्या दिवशी काकांनी ताट पुढे सरकवलं आणि विचारलं, "कोण गेलं? सुतक लागलंय काय घराला?"

प्रश्न अगदीच वावगा नव्हता. आमटीत मीठ नव्हतं, फोडणीही नव्हती. आपल्याकडे बऱ्याच घरांत फोडणीविना स्वयंपाक होतो तो सुतकातच. काकूंनी डॉक्टरांच्या तोंडून "तेल-मीठ बंद करा" एवढंच ऐकलं होतं आणि ते जिवाच्या भीतीने शब्दशः पाळलं होतं. काकांचं पातेलं वेगळं, डाव वेगळा, मिठाचा एक कणही नाही. अकराव्या दिवशी त्याच काकांना पुन्हा धाप लागली. वजन तीन किलोंहून जास्त वाढलेलं, पायांवर बोट दाबलं की खळगा तसाच राहतोय. मी त्याच दवाखान्यात आहारतज्ज्ञ. बाह्यरुग्ण विभागात काकू माझ्यासमोर रडत होत्या. "मॅडम, देवाशपथ सांगते, मी चिमूटभर घातलं नाही."

त्या खरं बोलत होत्या. हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं ते त्यामुळेच.

रुग्ण

नाव-गाव देत नाही. रत्नागिरी जिल्हा, खाडीकाठचं गाव. वय ६३, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त. चार वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका, तेव्हा एक स्टेंट. रक्तदाबाची गोळी "बरं वाटत नसेल तेव्हा" घ्यायची सवय. घरात काकू, थोरला मुलगा, सून, नऊ वर्षांचा नातू. धाकटा मुलगा डोंबिवलीला.

मेच्या शेवटच्या आठवड्यात रात्री आडवं झालं की गुदमरायला लागलं. दोन उशा, मग तीन, मग खुर्चीत बसून रात्र. टूडी इकोत हृदयाच्या डाव्या कप्प्याची पंपाची ताकद ३० टक्के निघाली. निरोगी माणसात ती ५५ च्या वर असते. सहा दिवस दाखल होते. शिरेतून लघवीचं औषध दिल्यावर साडेपाच किलो पाणी उतरलं आणि घरी जाताना वजन ६६.८ किलो होतं. चिठ्ठीवर फ्युरोसेमाइड (लघवीची गोळी), स्पायरोनोलॅक्टोन, रॅमिप्रिल, बीटा ब्लॉकर आणि डापाग्लिफ्लोझिन, दिवसाला दीड लिटर पाणी, आणि सर्वांत खाली "कमी मीठ". मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन १.३, पोटॅशियम ४.६, सोडियम १३४.

पहिली चूक माझीच होती. डिस्चार्जच्या दिवशी मी वॉर्डात दहा मिनिटं थोरल्या मुलाशी बोलले आणि आमचा छापील तक्ता त्याच्या हातात दिला. त्यात ओट्स होते, पनीर होतं, "लोणचं-पापड टाळा" अशी एक ओळ होती. घरात रांधतं कोण, हे मी विचारलंच नाही. तक्ता मोटारसायकलच्या डिकीत राहिला तो राहिलाच.

मीठ कुठून आलं?

दुसऱ्या भेटीत मुलाला बाहेर बसवलं आणि काका-काकूंना समोर घेतलं. "जेवणात काय?" असं विचारलं की लोक भात-आमटी सांगतात. म्हणून मी जेवणाचा विषयच काढला नाही. उठल्यापासून तोंडात काय काय गेलं, ते घड्याळाच्या काट्याने सांगा म्हटलं, पाण्याच्या घोटासकट.

सकाळी पेज. आजारी माणसाला कोकणात पेजच देतात. पेजेबरोबर खारातल्या कैरीची अर्धी फोड, कारण नुसती पेज उतरत नाही. दुपारी अळणी आमटी-भात, आणि तो घशाखाली जावा म्हणून लोणच्याच्या तीन फोडी खारासकट. पूर्वी एकच लागायची. वाटीभर सोलकढी, "ती औषधी असते ना". सोलकढी आगळाची, आणि आगळ म्हणजे वर्षभर टिकावा म्हणून भरपूर मीठ घातलेला कोकमाचा रस. चार वाजता चहाबरोबर दोन खाऱ्या. संध्याकाळी पाय मोकळे करायला एसटी स्टँडपर्यंत. इथे काका जरा अडखळले, काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि एक वडापाव बाहेर आला. रोज नाही, दिवसाआड. रात्री पुन्हा पेज, दोन भाजलेले पापड, आणि चवीला खाऱ्या बांगड्याचा तुकडा.

"अजून काही?"

ताकात शेंदेलोण. पुतण्याने मोबाइलवर पाठवलं होतं की सैंधव हृदयाला चालतं, त्यात सोडियम नसतं. आणि पोट फुगतं म्हणून रोज रात्री फसफसणाऱ्या अ‍ॅसिडिटीच्या चूर्णाची एक पुडी.

मी कागदावर बेरीज मांडली. मिठाच्या वजनाचे पाचात दोन भाग सोडियम असतं, म्हणजे ५ ग्रॅम मिठात सुमारे २ ग्रॅम. कैरीतून दोन ग्रॅम मीठ, लोणच्यातून तीनेक, सोलकढीतून एक, खारी आणि वडापाव धरून दोन, पापडांतून एकाहून थोडं जास्त, बांगड्यातून दोन, ताकातलं एक. चूर्णाच्या पुडीत मीठ नसतं, खायचा सोडा असतो. पण सोड्यातही सोडियमच. पाच ग्रॅमच्या पुडीतून साधारण ८०० मिलिग्रॅम सोडियम येतं, म्हणजे दोन ग्रॅम मिठाएवढं. हे सगळे आकडे अंदाजी आहेत, घरगुती लोणच्यावर पोषणमूल्यं छापलेली नसतात. तरी बेरीज चौदा ग्रॅमच्या घरात गेली.

शिजवलेल्या अन्नातून आलेलं मीठ : शून्य.

पंगतीत पान वाढलेलं आठवा. उजवीकडे भाजी, आमटी, मध्ये भात, डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, पापड. काकूंनी उजवी बाजू धुऊन कोरडी केली होती. डावीकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं. उलट उजवीकडचं अळणी झाल्यामुळे डावीकडचं दुप्पट झालं होतं. आमचे भात आणि भाकरी मुळातच बिनमिठाचे. त्यांना चव आणायचं काम बाकीच्या ताटावर, आणि त्यातलं अर्धं ताट गप्प केलं की उरलेलं अर्धं जास्त ओरडणारच.

त्यात महिना जूनचा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. आमच्या भागात वर्षातले हेच दोन महिने सुक्या मासळीवर काढायचे. उन्हाळ्यात भरून ठेवलेलं सगळं, म्हणजे बोंबील, सोडे, जवळा, खारे बांगडे, पापड, कुरडया, आगळाच्या बाटल्या, लोणच्याच्या बरण्या, नेमकं आता फळीवरून खाली येतं. कमी मिठाचा सल्ला मिळायला यापेक्षा वाईट मुहूर्त सापडणार नाही. ऑक्टोबरात घरी गेले असते तर कदाचित हे प्रकरण घडलंही नसतं.

सलाईनची बाटली

काकांना कारण समजल्याशिवाय ते ऐकणार नाहीत, हे दिसत होतं. तीस वर्षं लोकांची तिकिटं तपासलेला माणूस.

म्हणून त्यांना दवाखान्यात पाहिलेली सलाईनची बाटली आठवायला लावली. एक लिटरच्या साध्या सलाईनमध्ये नऊ ग्रॅम मीठ असतं. शरीरातल्या पाण्याचा खारटपणाही जवळपास तेवढाच, आणि शरीर तो बदलू देत नाही. हृदय कमी रक्त ढकलतं तेव्हा मूत्रपिंडाला वाटतं, अंगातलं पाणीच आटलं. मग संप्रेरकांच्या हुकमाने ते मीठ धरून ठेवतं आणि मिठापाठोपाठ पाणी. नऊ ग्रॅम मीठ अंगात अडकलं की एक लिटर पाणी अडकलं, एक किलो वजन वाढलं. तुमचं वजन ६६.८ वरून ७०.१ झालंय. म्हणजे गेल्या अकरा दिवसांत घरबसल्या सलाईनच्या तीनहून जास्त बाटल्या चढल्या, त्याही तोंडावाटे.

काका बराच वेळ गप्प होते. मग काकूंना म्हणाले, "म्हणजे तुझी आमटी निर्दोष सुटली."

हृदयरोगतज्ज्ञांनी लघवीच्या गोळीचा डोस काही दिवसांसाठी वाढवला आणि चूर्ण बंद केलं. आणखी एक गोष्ट त्यांनीच उकरून काढली: गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर घेतलेली दुखण्याची गोळी. तिच्यानेही मूत्रपिंड मीठ-पाणी धरून ठेवतं. तीही थांबवली.

किती कमी?

इथे आमच्यात थोडा वाद झाला. वॉर्डातल्या एका तरुण डॉक्टरांचं म्हणणं, एवढं पाणी साठलंय तर सोडियम दीड ग्रॅमवर आणा. माझं मत वेगळं होतं, आणि त्याला आधारही होता. २०२२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सोडियम-एचएफ ही चाचणी प्रसिद्ध झाली. हृदय कमकुवत झालेले ८०६ रुग्ण, सहा देश. एका गटाला दीड ग्रॅमच्या खाली सोडियमचं लक्ष्य, दुसऱ्याला नेहमीचा सल्ला. कडक गट सुमारे १६५० मिलिग्रॅमपर्यंत उतरला, दुसरा २१०० च्या आसपास राहिला. मृत्यू आणि हृदयासाठी दवाखान्यात यावं लागणं यांत ठळक फरक पडला नाही. जगण्याची प्रत मात्र कडक गटात थोडी सुधारली. "मिठाने काही होत नाही" असा अर्थ त्यातून काढणारेही भेटतात. पण ते रुग्ण सुरुवातीलाच दोन-सव्वादोन ग्रॅम सोडियमवर होते. आमचे काका साडेपाचवर. एकविसाचे सोळा करण्याची गोष्ट वेगळी आणि छप्पन्नाचे वीस करण्याची वेगळी.

शिवाय अकरा दिवसांच्या अळणी जेवणाने त्यांचं खाणं अर्ध्यावर आलं होतं. वजन पाण्याने वाढलेलं दिसत होतं, पण दंड बारीक झाले होते. हृदयाच्या रुग्णाला उपासमार परवडत नाही. शेवटी दिवसाला पाच ग्रॅम मीठ ठरलं, म्हणजे दोन ग्रॅम सोडियम. जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसालाही याहून कमीच सांगते, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२४ चा सल्लाही पाच ग्रॅमचाच आहे. म्हणजे काकांना शिक्षा म्हणून वेगळं काही द्यायचं नव्हतं. सगळ्या घरानेच जिथे असायला हवं तिथे त्यांना आणायचं होतं.

पाचातले दीड-दोन ग्रॅम दूध, मासे, भाज्या, पाव यांत आधीच असतात असं धरलं. हाताने घालायला उरले तीन.

चुन्याची डबी

तीन ग्रॅम म्हणजे किती? "चिमूटभर" हे माप प्रत्येक हाताचं वेगळं. औषधाच्या बाटलीबरोबर येणारा अडीच मिलीचा चमचा बारीक मिठाने काठोकाठ सपाट भरला की जवळजवळ तीन ग्रॅम भरतात. रोज सकाळी तेवढं मीठ एका डबीत काढायचं आणि दिवसभर काकांच्या ताटात जे वरून पडेल ते त्याच डबीतून. डबी काकूंनी शोधली. झटक्यानंतर तंबाखू सुटली, चुन्याची डबी तशीच होती.

त्यांच्यासाठी आमटी-भाजी मीठ न घालता शिजवायची, पण फोडणी पूर्ण, वाटप पूर्ण. मीठ ताटात, वरून. शिजताना घातलेलं मीठ फोडींच्या आत मुरतं आणि जिभेला उशिरा भेटतं. वर भुरभुरलेलं आधी जिभेवर येतं. त्यामुळे थोडक्यात भागतं. तळलेल्या मासळीच्या बाबतीत हे सर्वांत चांगलं जमतं, पातळ आमटीत सर्वांत कमी, म्हणून आमटी घट्ट करायला सांगितली.

बाकी कामगिरी काकूंची. मी फक्त "आंबट वाढवा" म्हटलं होतं. जिभेला आंबट भेटलं की मिठाची उणीव कमी जाणवते. त्यांनी परसातली बिंबलं काढली. आमसुलांना बऱ्याच घरी मीठ लावतात, म्हणून शेजारणीकडून बिनमिठाची आणली आणि सोलकढी आगळाऐवजी भिजवलेल्या आमसुलांची केली, वर ठेचलेली लसूण आणि हिरवी मिरची जास्त. पहिल्या पावसात मुलाने चढणीचे मासे आणले. त्यांचं कालवण तिरफळं घालून. तिरफळाने जिभेला मुंग्या आल्या की मीठ विचारायचं सुचतच नाही, असं काका म्हणाले. कुळथाच्या पिठीत लसणीची चरचरीत फोडणी आणि भरपूर आमसूल. पेजेबरोबर खारातल्या कैरीच्या जागी ओल्या खोबऱ्याची, आलं-लिंबाची चटणी. ओट्सचं नाव मी पुन्हा काढलं नाही.

सुकी मासळी पूर्ण बंद करायला मी सांगितलं नाही, आणि यावर माझ्या काही सहकाऱ्यांनी नाकं मुरडली. पण बोंबील बहुधा नुसते उन्हात वाळवलेले असतात, खारा बांगडा मिठातच मुरवलेला. दोघांना एकाच यादीत टाकणं म्हणजे न शिकवता नापास करणं. बोंबील, सोडे गरम पाण्यात भिजवून, पाणी फेकून, आठवड्यातून दोनदा. बांगडा ठेवणीत.

वाण्याकडची पुडीही तपासली. पाच माणसांत किलोभर मीठ बावीस दिवसांत संपायचं, म्हणजे माणशी नऊ ग्रॅम. उन्हाळी वाळवणाचं खडेमीठ वेगळंच. सुनेने घरच्या पातेल्यातलं मीठ दर पंधरवड्याला थोडं थोडं कमी केलं आणि कोणाला सांगितलं नाही. सप्टेंबरात तीच पुडी चौतीस दिवस पुरली. नातवाने एकदाही तक्रार केली नाही. थोरल्या मुलाने केली, एकदाच, आणि त्याचा रक्तदाब मोजल्यावर तोही गप्प झाला.

विनातिकीट

रोजची नोंद ठेवा म्हटल्यावर काकांनी वहीत वे-बिल आखलं. कंडक्टर फेरीगणिक तिकिटांचा हिशेब लिहितो तसं. सकाळ, दुपार, चार वाजता, रात्र असे चार टप्पे. प्रत्येक टप्प्यावर डबीत शिल्लक किती. पहिल्या रकान्यात सकाळचं वजन: शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, लुंगीवर. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढ झाली तर फोन, ही आमची अट. आणि पानाच्या तळाशी त्यांनी स्वतःच्या अकलेने एक ओळ काढली : "विनातिकीट". डबीबाहेरून जे पोटात गेलं ते तिथे.

पहिल्या पंधरवड्यात ती ओळ भरगच्च होती. वडापाव १. लोणचं फोड १, पुन्हा १. शेव मूठभर, "नातवाच्या वाट्याची". मी एकदाही रागावले नाही, फक्त दुसऱ्या दिवशीच्या वजनाकडे बोट दाखवायचे. तीनशे ग्रॅम वर, पाचशे ग्रॅम वर. हा संबंध त्यांना स्वतःला दिसला तेव्हा माझं अर्धं काम संपलं. एका पानावर त्यांनी लिहिलं होतं, "विनातिकीट प्रवासी सापडला. दंड वसूल : रात्री दोनदा उठलो."

लपून खाणं यातूनच थांबलं असं मला वाटतं. पूर्वी वडापाव खाल्ला की काकूंशी खोटं बोलावं लागायचं. आता खाल्ला की वहीत लिहिता यायचं.

तहान हा आणखी एक प्रश्न. दीड लिटर पाण्याच्या मर्यादेवर ते सुरुवातीला भांडायचे. जूनच्या शेवटी म्हणाले, आता दीड लिटर संपतही नाही. त्यात आश्चर्य नाही, खारट उतरलं की तहान उतरते. पाण्याची मर्यादा सांगताना मिठाचं बोलायचं राहिलं, तर माणसाला वाळवंटात बसवून मडक्याला कुलूप लावल्यासारखं होतं.

धाकट्या मुलाचं प्रेम

जुलैच्या मध्यावर नेहमीच्या रक्ततपासणीत पोटॅशियम ५.८ आलं. वजन उत्तम, सूज नाही, काका खुशीत. आणि हा आकडा. लगेच ईसीजी काढला. त्यात बदल नव्हते, पण पोटॅशियम असंच चढत गेलं तर हृदयाची लय बिघडू शकते.

पुन्हा घड्याळाचा काटा. दोन गोष्टी निघाल्या. डोंबिवलीहून आलेल्या धाकट्याने वडलांसाठी महागाचं "लो सोडियम" मीठ आणलं होतं. हे रुग्णांचंच मीठ म्हटल्यावर डबीचा नियम त्याला लागू नाही, असा काकांनी अर्थ लावला आणि दोन-दोन डब्या संपवल्या. दुसरं, आजाऱ्याला भेटायला येताना शहाळं आणायची आमच्याकडची रीत. आठवडाभर रोज एक.

लो सोडियम मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. ही वस्तू मुळात वाईट नाही. चीनमधल्या सहाशे गावांत सुमारे एकवीस हजार लोकांवर झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मिठाने पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२५ मध्ये त्याच्या बाजूने सल्ला दिला. पण त्या चीनच्या अभ्यासात पोटॅशियम राखणाऱ्या गोळ्या घेणारे आणि मूत्रपिंडाचा गंभीर आजार असणारे मुळातच घेतले नव्हते, आणि मूत्रपिंड बिघडलेल्यांना संघटनेनेही या सल्ल्यातून वगळलंय. आमच्या काकांच्या चिठ्ठीवर स्पायरोनोलॅक्टोन आणि रॅमिप्रिल, दोन्ही पोटॅशियम अंगात राखणारी. क्रिएटिनिनही काठावर. त्यावर हे मीठ, त्यावर पोटॅशियमने भरलेलं शहाळं.

स्पायरोनोलॅक्टोन काही दिवस थांबवलं, मिठाची पुडी परत डोंबिवलीला, शहाळी नातवाला. आठवड्याने पोटॅशियम ४.८. गोळी कमी मात्रेत पुन्हा सुरू झाली.

धाकटा मुलगा फोनवर फार ओशाळला होता. मी त्याला सांगितलं की वडलांच्या गोळ्या कोणत्या हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि पुडी विकणाऱ्यानेही विचारलं नव्हतं. सैंधवाबद्दल शंभरदा बोलणारी मीही या मिठाबद्दल आधी एक अक्षर बोलले नव्हते. सैंधवाची गोष्ट तुलनेने सोपी आहे, ते जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच, नावाला फसू नका म्हटलं की संपलं. हे दुसरं मीठ खरोखर वेगळं असतं, म्हणून जास्त घातक. आता डिस्चार्जच्या वेळीच मी दोन्हींबद्दल सांगते, आणि सांगते ते रांधणाऱ्या माणसाला.

गणपती आणि नंतर

आठव्या-नवव्या आठवड्यात काका शेजारी बारशाला जेवले आणि घरी येऊन म्हणाले, "त्यांच्या आचाऱ्याने मीठ दोनदा घातलं वाटतं." आचाऱ्याने एकदाच घातलं होतं. जिभेची सवय बदलायला दोन-तीन महिने लागतात. पहिले तीन आठवडे सगळ्यात वाईट, आणि बहुतेक माणसं तिथेच सोडून देतात. ही मुदत मी आता आधीच सांगते. आयुष्यभर म्हटलं की माणूस हबकतो, "दिवाळीपर्यंत बघा" म्हटलं की बघतो.

गणपतीत भावकीच्या घरी पाच दिवस जेवणं. ऋषीपंचमीच्या भाजीने काही बिघडवलं नाही, ती तशीही आमसूल-मिरचीवरच जगते. बिघडवलं ते फरसाण आणि पंगतीतल्या लोणच्याने. दोन दिवसांत वजन एक किलो चारशे ग्रॅम वर. फोनाच्या अटीत ते बसत नव्हतं, तरी तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता काकांनी स्वतः फोन केला. डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेल्या सूचनेप्रमाणे दोन दिवस लघवीची जादा गोळी घेतली, वजन जागेवर आलं, दाखल व्हावं लागलं नाही. जूनमध्ये याच माणसाने पाय हंड्यासारखे होईपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं.

डिसेंबरच्या भेटीत वजन ६७.३, लघवीची गोळी मूळ मात्रेवर, स्टँडपर्यंत न थांबता चालणं. इकोत पंपाची ताकद ३८ टक्के. हे श्रेय मिठाचं म्हणून मी मांडणार नाही. हृदयाची औषधं पहिल्यांदाच नियमित चालू होती, आणि ताकद वाढवायचं काम मुख्यतः त्यांचं. चूर्ण गेलं, दुखण्याची गोळी गेली. यातलं कोणी किती काम केलं ते एका रुग्णावरून वेगळं काढता येत नाही. मिठाबद्दल एवढंच म्हणता येईल की सूज आणि रात्रीची धाप त्या वहीतल्या तळाच्या ओळीबरोबर वर-खाली होत होती, आणि सहा महिन्यांत दवाखान्यात पुन्हा राहावं लागलं नाही.

पुढच्या मेमध्ये रतांबे फोडताना काकूंनी दोन आगळ केले. एक नेहमीचा, बरणीत. दुसरा बिनमिठाचा, तो बाहेर टिकत नाही, म्हणून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून. ट्रेच्या झाकणावर काकांच्या अक्षरात "राखीव आसन" लिहिलेलं होतं. पापडाच्या पिठात खार निम्मा घालून पाहिला, ते फुललेच नाहीत. तो नाद सोडला, पापड कमीच खायचे ठरलं.

वही मला दर भेटीत दाखवतात. शेवटचं पान पाहिलं ते जूनचं. वजन ६७.२. सकाळ, चटणी-पेज, डबीत तीन. दुपार, दोन. चार वाजता चहा, खारी नाही. खाली लिहिलं होतं : "पहिला पाऊस. खारा बांगडा, पाव तुकडा, धुऊन भाजलेला. हिने स्वतः वाढला. दोन ग्रॅम धरले. तिकीट काढलं, रात्री डबी रिकामी." विनातिकिटाच्या ओळीत आडवी रेघ.